शनिवारी कोण येत होतं?

प्रिय वॉरन,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, त्याचा फार अर्थ काढू नकोस. घटस्फोटाच्या वेळी तू मला तो संगणक जोडून दिलास, त्यात लिनक्स नावाची प्रणाली घातलीस आणि म्हणालास, आता बरीच वर्षं बघायला नको. तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. घर सोडून जाणारा माणूस एवढी मेहनत घेतो ती कशासाठी?

गेले काही आठवडे ज्युडिथशी व्हिडिओवर बोलायला बसले की पडदा काळा होतो. ज्युडिथची लेक, आपली नात, तोंड उघडते आणि गायब. आतला पंखा फिरत असतो, चित्र तेवढं नसतं. मी ताडलं, हे तुझंच काम. मी हात टेकून तुला बोलवावं म्हणून तूच आत काहीतरी करून ठेवलं असणार. संशयाला जागा होती. शनिवारी सकाळी मी कर्लिंग खेळायला जायची, तेव्हा चालू ठेवलेला संगणक परत येऊन बघावं तर नव्याने सुरू होऊन पासवर्ड मागत बसलेला असायचा. दुरून आत यायची वाट मीच तुला दिली होती, अडीअडचणीला म्हणून. तिकडे सडबरीतल्या घरी बसून तू माझ्या ईमेलमध्ये नाक खुपसतोस, याची मला खात्रीच होती. तुला विचारणं जिवावर आलं, म्हणून संगणकाचा डबा उचलून वाचनालयातल्या दुरुस्ती मंडळात नेला.

तिथल्या ओडेटला आधीच सांगून टाकलं, की चोर मला ठाऊक आहे, तू फक्त पुरावा काढ. तिने पडदा काळा होऊ दिला आणि दुसऱ्या संगणकावरून माझ्या संगणकात शिरली. म्हणे, पडदा गेला तरी आत सगळं चालूच असतं. पडद्यावर चित्र आणणारं माझं ग्राफिक्स कार्ड इतकं जुनं, की ते चालवणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, आता आपोआप येत नाही. अपडेट येऊन लिनक्सचा गाभा बदलला, की दर वेळी तो हाताने बसवावा लागतो आणि संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. नाहीतर कामचलाऊ ड्रायव्हरवर भागवावं लागतं, आणि व्हिडिओचं ओझं आलं की तो कोसळतो. मग आतल्या जुन्या नोंदी वाचून माझ्याकडे बघत म्हणाली, "हे कुणीतरी दर वेळी बसवत होतं, लोरेन. इतकी वर्षं. ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर थांबलंय. कोण होतं ते?"

तूच होतास तो. मी कर्लिंगचे दगड बर्फावर सरकवत असायची, तेव्हा तू दुरूनच आत यायचास, ड्रायव्हर बसवायचास आणि चकार शब्द न काढता निघून जायचास. आणि मी तुझ्या संशयाने ईमेलचे पासवर्ड बदलत बसायची.

आता माझा संशय दुसरीकडे वळलाय, आणि तो पहिल्याहून वाईट आहे. तुझा फोन वाजून वाजून बंद होतो. ज्युडिथला विचारलं, तर 'बाबा ठीक आहेत' म्हणून ती लगेच हवामानावर येते. तुझ्यासारखंच तिलाही खोटं बोलणं जमत नाही. ओडेट तिथल्या तिथे ड्रायव्हर बसवून देत होती. मी म्हटलं थांब, ज्याचं काम आहे त्याला आधी भेटून येते. मला भीती वाटतेय, वॉरन. म्हणून हे पत्र. या शनिवारी कर्लिंगला सुट्टी, सकाळच्या बसने खजुराच्या वड्या घेऊन येतेय. दारापर्यंत उठून येववत नसेल, तर शेजाऱ्याला सांगून किल्ली पायपुसण्याखाली ठेव. इतके शनिवार तू न सांगता माझ्याकडे आलास, आता माझी पाळी.

कागदोपत्री नसले तरी तुझीच,
लोरेन