डॉन ओलेगारियोचे वार

सांता ल्युसिंदा, ता. ५ एप्रिल १९८३

चि. निदियास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं, आतली नोटही पोचली. नोट याच पाकिटातून परत येते आहे, नीट बघून घे. मोन्तेविदेओत तू दिवसभर शर्टांच्या कॉलरी शिवतेस ती काय मला पोसायला? मी अजून मेले नाही.

कारखान्याचं तुला कळलंच असेल. फेब्रुवारीत कुलूप पडलं. चाळीस वर्षं गाई कापल्या, आता म्हणे मांसाला गिऱ्हाईक नाही. पुरुष अजून सकाळी सहाला उठतात, फाटकापर्यंत जातात, कुलूप बघतात आणि परत येतात. कुलूप कुणी चोरलं नाही ना, एवढंच बघायला जात असतील. नुकसानभरपाई येणार, येणार म्हणतात. अजून दमडी आलेली नाही.

आता क्लबाचं. आपल्या एस्त्रेयाचा कोच डॉन ओलेगारियो, त्याचा पगार कारखाना द्यायचा, तो थांबला. राहिले ते फक्त जेवणाचे वार. तू गेलीस तेव्हा त्याचे सातही वार भरलेले होते. सोमवार माझा, मंगळवार मचादो कसायाचा, गुरुवार रामोनाचा, आणि रविवारी मॅचनंतर क्लबाच्या शेगडीवर सगळ्यांबरोबर. आता शेगडी थंड आहे. बुधवारवाली म्हातारी लेकीकडे गेली. मचादो मंगळवारी हाडं उकळतो आणि वर पार्स्ली टाकून त्याला सूप म्हणतो.

हे डॉन ओलेगारियोला कुणी सांगितलेलं नाही. सांगायचंही नाही, असं न्हावी फ्रोइलानच्या दुकानात ठरलं. फ्रोइलान आपल्या क्लबाचा अध्यक्ष आहे हे त्याला स्वतःलाही कधीकधी आठवतं. डॉन ओलेगारियोचा स्वभाव तुला ठाऊक आहे. ताट मोजून वाढलंय अशी नुसती शंका आली तरी तो बॅग उचलून चालता होईल. आणि तो गेला की झालंच. कोचचं नाव नसेल तर लीग संघ घेत नाही, आणि हंगाम बुडला की क्लबाचं नाव कापतात. म्हणून सगळ्यांनी त्याला सांगितलंय की भरपाई मिळाली, आम्ही मजेत आहोत.

मला त्या फुटबॉलचं काही नाही. बावीस बाप्ये एका कातड्यामागे धावतात आणि घरी एक बादली उचलून देत नाहीत. पण या गावात आता दोनच गोष्टी चालू आहेत, क्लब आणि कब्रस्तान, आणि कब्रस्तान पुढे आहे.

तो तुला पत्रं लिहितो हे मला माहीत आहे. तुला विचारलंन तर लिही की आजीचं झकास चाललंय, रोज मांस शिजतं. जास्त शहाणपणा करू नकोस.

तब्येत सांभाळ, खिडकीत बसून शिवत जा. माया आहे ती आहेच, पत्रात लिहून वाढत नाही.

तुझी आजी,
एउलोहिया

*

मोन्तेविदेओ, ता. १९ एप्रिल १९८३

ती. आजीस साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझ्या अक्षराला आता पेन्सिलही घाबरते वाटतं, अर्धी ओळ कागदाबाहेर गेली होती. पण नोट मात्र अचूक परत आली. तुझ्यापुढे हात टेकले.

आजी, तू स्वतः काय जेवतेस ते एका ओळीत लिही. मांस शिजतं हे डॉन ओलेगारियोला सांगायचं, मला नाही.

त्यांना खोटं लिहायचं म्हणजे मला जड जातं. मी चौदा वर्षांची असताना गणितात नापास होत होते, तेव्हा लीगचा तक्ता समोर ठेवून त्यांनीच मला अपूर्णांक शिकवले. जिंकलेल्या मॅचला खेळलेल्या मॅचनं भाग, असं. एस्त्रेयाचं उत्तर नेहमी अर्ध्याच्या खालीच यायचं आणि ते म्हणायचे, बघ, अपूर्णांक किती उपयोगाचे असतात. ते मला चांगलं ओळखतात, पकडतील.

पण तू सांगतेस म्हणून लिहीन. मला हे बरोबर वाटत नाही, एवढं फक्त नोंदवून ठेवते. माणसाला निदान खरं काय ते कळायला हवं, मग त्याचं तो ठरवील.

इथे थंडी सुरू झाली आहे. मालकीणबाई अजून स्टोव्ह लावू देत नाही.

रागावू नकोस, आणि आहे तो जीव लावून ठेव.

तुझी,
निदिया

*

सांता ल्युसिंदा, ता. १० मे १९८३

चि. निदियास अनेक आशीर्वाद, वि. वि.

काय जेवतेस म्हणून विचारलं होतंस. जेवते. पुढचं विचारू नकोस.

रामोनाची गंमत ऐक. बुधवारी मागच्या दारानं रडत आली, की उद्या तिचा वार आणि घरात मक्याच्या पिठाशिवाय काही नाही. मी म्हटलं, बाई, अश्रू पुस, पातेलं मी देते. म्हणून आता दर गुरुवारी सकाळी मी रस्सा शिजवते, शालीखाली पातेलं धरते आणि तिच्या मागच्या दारानं आत पोचवते. दुपारी डॉन ओलेगारियो तिच्या पुढच्या दारानं येतो. गेल्या गुरुवारी जेवून उठला आणि संध्याकाळी मला सांगायला आला की रामोनाच्या हाताला काय चव आहे! नऊ वर्षं हा माणूस सोमवारी माझ्याकडे जेवतोय, माझ्या रश्श्याला एकदा बरा म्हणाला नाही. मी दात आवळून म्हटलं, हो, तिची आई सुगरण होती. तिची आई पाणीसुद्धा करपवायची.

शुक्रवारचं घर परवा बंद झालं, दाराला फळ्या ठोकून ब्राझीलला गेले. तोही वार मीच घेतला आणि सांगितलं की शुक्रवारी मला एकटं जेवायला कंटाळा येतो. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी लग्नाची मागणी घातली.

क्लबानं डुकराची सोडत काढली. तिकिटं खपली अकरा. डुक्कर अध्यक्षालाच लागलं आणि लोक त्याच्या दुकानात दाढी करायला जायचे थांबले. तसेही थांबलेच होते, पण आता कारण मिळालं.

हसण्यावारी नेऊ नये अशी एक गोष्ट आहे. संघ पहिला अर्धा तास बरा खेळतो, मग पाय ओढायला लागतो. गेल्या रविवारी आपला मधला बचाववाला एल्बियो पडला तो उठेचना. पोटात सकाळपासून कडू माते-चहा सोडून काही नव्हतं. आणि डॉन ओलेगारियोला काय माहीत? सगळे त्याला सांगतात आम्ही खाऊन-पिऊन सुखी. त्याला वाटलं दम कमी पडतो. मंगळवारपासून त्यांना मैदानाभोवती वीस फेऱ्या पळवतो आहे. आणि ते पळतात. एकानं तोंड उघडलं नाही. मी कुंपणाशी उभी राहून बघितलं आणि घरी आले. मीही तोंड उघडलं नाही.

तुझा त्याच्याशी पत्रव्यवहार झाला का ते कळव. कॉलरी सरळ शीव, जीव आहे तिथेच असू दे.

तुझी आजी,
एउलोहिया

*

मोन्तेविदेओ, ता. २३ मे १९८३

ती. आजीस साष्टांग नमस्कार, वि. वि.

आजी, हे पत्र बसून वाच.

एप्रिलच्या शेवटी मला डॉन ओलेगारियोंचं पत्र आलं होतं. साल्तोच्या एका क्लबानं त्यांना बोलावलं होतं. दोन वर्षांचा करार, महिन्याचा पगार आणि स्वयंपाकघर असलेलं घर. पंधरा मेपर्यंत उत्तर द्यायचं होतं. त्यांनी गावात कुणालाही सांगितलं नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. मला मात्र लिहिलं की निदिया, तू खरं सांगशील. मी त्या लोकांवर भार झालो असेन तर जातो. पण ते खरंच सुस्थितीत असतील, तर हंगामाच्या मध्यावर संघ टाकून जाणं मला जमणार नाही.

मी तू सांगितलंस तसं लिहिलं. आजीचं झकास चाललंय. रोज मांस शिजतं. दोन ओळी मी पदरच्याही घातल्या, खरं वाटावं म्हणून.

काल त्यांचं उत्तर आलं. त्यांनी साल्तोला नकार कळवला. माझे आभार मानलेत. त्यांना अठ्ठावन्न पूर्ण झाली, असं दुसरं बोलावणं आता येणार नाही हे त्यांनीच लिहिलंय, आणि पुढे, पण मन हलकं झालं.

मी त्या पत्राकडे बघू शकत नाही. तू काहीतरी कर. आजच कर. माझ्यानं इथून काही होणार नाही.

तुझी,
निदिया

*

सांता ल्युसिंदा, ता. ६ जून १९८३

चि. निदियास आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र सोमवारी आलं. म्हणजे त्याचाच वार. मी ताट वाढलं, त्याला जेवू दिलं. पोटभर जेवला की माणूस ऐकून घेतो. मग सगळं सांगितलं. रामोनाचं पातेलं, बंद झालेली घरं, भरपाई आलीच नाही हे, आणि तुला मीच खोटं लिहायला लावलं हे. साल्तोचं मला कळलंय हेही.

मला वाटलं तो ओरडेल, मी तयारीत होते. माझ्याकडेही चार शब्द होते. पण त्यानं एवढंच विचारलं की पोरांनाही उपाशी पळवलं का. मी हो म्हटलं. त्यावर तो उठून दारात गेला आणि पाठ करून उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी त्याला बसू दिलं नाही. कोट घालायला लावला आणि औषधवाल्याकडे फोनला नेलं. येत नव्हता. मी म्हटलं, डॉन ओलेगारियो, लाज मला वाटायला हवी, तुम्ही कशाला वाटून घेता, चला. दुकानात सहा गिऱ्हाइकं, सगळी कान टवकारून. साल्तो लागायला पाऊण तास गेला. तिकडचा माणूस फार सभ्यपणे बोलला म्हणे. पंधरापर्यंत वाट बघितली, सोळाला दुसरा घेतला, पुढच्या वेळी नक्की लक्षात ठेवू. यानंही त्याचे आभार मानले. हा माणूस सगळ्यांचे आभार मानतो, हेच त्याचं वाटोळं आहे.

परत येताना मी म्हटलं, तुम्ही मला बोला काहीतरी. तर म्हणाला, दोन्या एउलोहिया, तुम्ही मला जेवायला घालत होता, त्याबद्दल काय बोलायचं? मी म्हटलं, जेवायला घालत नव्हते, धरून ठेवत होते. यावर तो हो म्हणाला. बरं वाटलं. निदान एक खरं बोललो आम्ही.

फेऱ्या बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं पोरांना मैदानात बसवून नुसत्या गोष्टी सांगितल्या. पण गावात आता त्याच्याकडे कुणाला बघवत नाही. मचादो त्याला बघून दुकानाच्या मागे जातो. रामोना रस्ता बदलते. तो या घरातून त्या घरात जेवायला कसा जाणार? रविवारी बसनं निघाला. फ्राय बेन्तोसहून पुढे पूल ओलांडून बुएनोस आइरेस, तिथे त्याच्या ओळखीचा कुणी बांधकामावर आहे. फ्रोइलान निरोपाचं भाषण करणार होता. बस वेळेवर आली, तेवढं एक चांगलं झालं.

तू रडत बसू नकोस. लिहिलंस तू, पण हात माझा होता.

तुझी आजी,
एउलोहिया

*

बुएनोस आइरेस, ता. २० जुलै १९८३

श्रीमती दोन्या एउलोहिया यांस सप्रेम नमस्कार, वि. वि.

इकडे मी खुशाल आहे. आठ मजली इमारत उभी राहते आहे, तिच्या सामानावर मी लक्ष ठेवतो. सिमेंट पळून जात नाही, त्यामुळे काम सोपं आहे. खोली कोरडी आहे. जेवणाची काळजी करू नये, आजूबाजूला आपल्याकडचीच तीन कुटुंबं आहेत आणि मला कुणी बोलवायचं यावरून त्यांच्यात भांडणं होतात.

पोरांना माझा निरोप द्यावा, की त्या फेऱ्यांबद्दल मला माफ करा. एल्बियोला डाव्या पायाचं काम करायला सांगावं. निदियाला मी लिहिलं आहे. माझ्या मनात तिच्याविषयी काही नाही, तुमच्याविषयीही नाही.

सर्वांना नमस्कार सांगावा, आणि आठवण ठेवावी एवढंच मागणं.

आपला नम्र,
ओलेगारियो पिंतोस

*

सांता ल्युसिंदा, ता. १६ ऑगस्ट १९८३

चि. निदियास अनेक आशीर्वाद, वि. वि.

डॉन ओलेगारियोचं पत्र आलं, सोबत पाठवते आहे. त्या तीन भांडणाऱ्या कुटुंबांवर माझा विश्वास नाही. तूही ठेवू नकोस. पत्ता पाठीमागे आहे. मी काय पाठवणार, त्याला काय पोचणार, ते बघू.

क्लबाचं सांगते. कोच नाही म्हणून लीगनं दोन मॅच न खेळताच हरलो असं लिहिलं. मग सभा झाली. एकोणीस माणसं आली. फ्रोइलाननं विचारलं की कुणी फुकट कोच होईल का. मचादो म्हणाला मी झालो असतो, पण गुडघा. सगळ्यांचेच गुडघे त्या दिवशी दुखत होते. शेवटी ठरलं की नाव काढून घेऊ, कापलं जाण्यापेक्षा बरं. अर्ज लीगच्या कचेरीत कोण नेणार म्हटल्यावर सगळे जमिनीकडे बघायला लागले. मला पेन्शनसाठी तालुक्याला जायचंच होतं. मी नेला.

एल्बियो आणि आणखी चौघांना रुळांपलीकडच्या क्लबानं बोलावलंय. विचारायला आले होते, की जाऊ का, तुम्हाला राग येईल का. मी सांगितलं, जा की. तिथे तुम्ही आपल्याला गोल मारणार म्हणून चिडायलासुद्धा आपण उरलेलो नाही.

कचेरीत एक टायवाला पोरगा होता. त्यानं अर्ज वाचला आणि बोट ठेवलं, की आजी, हा रकाना रिकामा आहे, माघारीचं कारण. फ्रोइलाननं मोकळाच सोडला होता, शूर माणूस. मी त्या पोराकडून पेन घेतलं. मी दोनच इयत्ता शिकले, मला वेळ लागला, मागे रांग खोळंबली. मी लिहिलं, आम्ही उपाशी नाही असं खोटं सांगितलं.

त्यानं वाचलं. हसला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगते. पण म्हणाला, हे कारण चालत नाही, ठरलेली कारणं आहेत. त्यानं पट्टी लावून माझ्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि वर सुरेख अक्षरात लिहिलं, निधीअभावी. मग विचारलं की हे बरोबर आहे ना.

मी म्हटलं, खोटं नाही. आणि खाली सही केली.

इकडे थंडी आहे. तुझी कॉलरींची बोटं उबेत ठेव, आणि माझ्याविषयी वाटतं ते अजून वाटत असेल, तर तसंच असू दे.

तुझी आजी,
एउलोहिया