सोबतीच्या रकान्यात तुझं नाव

प्रिय ताई,

पाच वर्षं मी साधी खुशाली कळवली नाही, त्यामुळे हे पाकीट फोडशील की तसंच बाजूला ठेवशील, सांगता येत नाही. आधी गुडघ्याचं सांगतो. आतली गादी फाटली होती. पूर्वी आम्हा जवानांना खाटेसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागायचं, वर आठवडाभर वॉर्डात मुक्काम. आता लष्कराच्या दवाखान्यात नवी सोय झालीय. सकाळी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, संध्याकाळी घरी. अट एकच, न्यायला आपलं माणूस हवं आणि पहिली रात्र त्यानं सोबत राहायला हवं. पलटणीत आठशे माणसं, पण सगळी सरावाला गेलेली. अर्जावरचा तो रकाना दोन दिवस कोराच होता. शेवटी तुझं नाव लिहिलं, नंबर टाकला. म्हटलं, कोण कशाला फोन करतंय.

नर्सबाई खमक्या निघाल्या. शस्त्रक्रियेनंतर मी चहा-बिस्किटं खात होतो, तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या ताईंना फोन केला. त्या निघाल्यात. म्हणाल्या, मी पोचेपर्यंत त्याला जागचा हलू देऊ नका." बाई औषधं आणायला वळल्या, तसं शेजारच्या खाटेवरच्याला सांगितलं, बहीण खाली आलीय, आणि कुबड्या टेकत टॅक्सी गाठली. गोळ्यांना कधी पाठ दाखवली नाही गं, तुझ्यापुढून मात्र लंगडत पळालो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फोनवर माझी बिनपाण्यानं केली. मग हळूच म्हणाल्या, तू रिकाम्या खाटेपाशी पाऊण तास बसलीस. तेव्हापासून पाय उशीवर टाकून पडलोय. बर्फाची पिशवी वितळली की मीच उठतो, मीच भरतो.

पाच वर्षांपूर्वी भावोजी वारले तेव्हा रजा मिळाली नाही, असं मी कळवलं होतं. रजा मिळाली होती, ताई. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिलो, तुझं रडणं ऐकू आलं आणि पाऊलच पुढे पडेना. मागे फिरलो. तू बिचारी पत्रांतून लष्कराला बोल लावत राहिलीस, मी लावू दिले. एवढं सांगायलाच लिहायला बसलो. हे वाचूनही यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं, तर तसं दोन ओळींत कळव. गप्प मात्र राहू नकोस. ते काम मी पाच वर्षं केलंय.

तुझाच,
धाकटा