आरशातलं भांडण

ती. बाबा,

नमस्कार. माझी काळजी नको, जेवण वेळेवर होतं. आईची कंबर कशी आहे?

आमच्या सलूनमध्ये गंमतच चालली आहे. इथली सगळी गिऱ्हाइकं उजव्या पक्षाची. आता निम्मी त्याहून कडक अशा नव्या पक्षाकडे गेली. शेजारच्या खुर्च्यांत बसून आरशातूनच भांडतात. कशावरून, तर बाहेरून आलेल्यांना आधी कोण हाकलणार! मी वस्तरा थांबवून विचारलं, "म्हणजे मलाही?"

"छे! तुझा हात हलका आहे," दोन्ही खुर्च्यांतून एकदम उत्तर आलं. एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

परवा फोनवर कळलं, तुम्हीही जुना पक्ष सोडून असाच नवा धरलात.

बाबा, तुमची दाढी करणारा बाहेरून आलेलाच ना? त्याचा हात कसा आहे?

तुमचा,
धाकटा