उतारावरचे दगड

लाइन आळी, पनवेल
१८ ऑगस्ट १९९१

प्रिय रेवा,

आधी घरचं सांगते, म्हणजे पुढचं मोकळेपणी लिहिता येईल. आईचा गुडघा बरा आहे. म्हणजे ती तसं म्हणते आणि मग जिन्यात कठडा धरून उभी राहते. तू दिलेलं तेल संपलं. तुझ्या नवऱ्याला, सत्यजीतला, सांग, आई आणि बहीण पनवेलला राहतात, चंद्रावर नाही. पुण्याहून एसटी अजून सुटते. त्याच्यावर ओरडायचा माझा अर्धा हक्क तू लग्नात घेऊन गेलीस, तेव्हा माझ्या वाटचंही तूच ओरड.

तू गौरीला येणार ना? आईने आत्तापासून विचारायला सुरुवात केली आहे. गौर तुझ्याच हातून घरात यायला हवी, माझ्या हातून म्हणे ती रुसून बसते. शिवाय तेरडा आणायला मलाच धाडणार. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या मुलीचा आमच्या घरी एवढाच उपयोग.

आता धरणाकडचं.

तुला सगळं पाठ आहे, तरी सांगते, कारण सांगितल्याशिवाय मला लिहिताच येत नाहीये. धरणाच्या वरचा तो उतार पाणीपुरवठा खात्याने माझ्या ताब्यात दिला तेव्हा तिथे रानमोडीचं तण माजलं होतं आणि दर उन्हाळ्यात वणवा लागायचा. आपल्या दुर्मीळ कंदीलवेली कातळाच्या कपारीत जीव धरून होत्या, तेवढ्याच. रानमोडी उपटली, गुरं बंद केली, वणवा येऊ नये म्हणून कडेने पट्टे काढले. राखणीला धोंडी मिळाला. वाडीतले लोक त्याला हसायचे. "गवत राकतोस? गवत कोन चोरील रं?" खात्यातले मला हसायचे, कारण सगळं जग झाडं लावतं आणि ही बाई उतारावर उगवलेली झाडं काढते. गवत राहिलं तर वेल राहील, हे समजावून सांगताना माझा घसा बसला.

कपारीतल्या वेलींच्या बियांपासून आपण दोघींनी पिशव्यांत रोपं केली, ती उतारावर लावली. प्रत्येकीला धोंडीने तासलेली बांबूची कामटी दिली. आईच्या दाराचा निळा रंग उरला होता, तो मी कामट्यांच्या टोकांना लावला, म्हणजे गवतात सापडतील. यंदा त्यांना पहिल्यांदा कळ्या आल्या होत्या. यंदा पहिल्यांदा शेंगा धरल्या असत्या.

मागच्या आठवड्यात दोन दिवस कामासाठी अलिबागला गेले होते. परत येऊन उतारावर गेले तर वेली नव्हत्या. कंदासकट काढून नेल्या, कामट्यासुद्धा. मी तिथेच गवतात बसले आणि रडले. धोंडी पलीकडे पट्ट्यावर होता ते बरं.

एक गोष्ट मात्र विचित्र आहे. प्रत्येक खड्डा नीट बुजवलेला आहे आणि त्यावर एक चपटा दगड ठेवलेला आहे. चोराला कशाला ही उठाठेव?

तुला काय वाटतं ते कळव. दगडांबद्दल मुद्दाम कळव.

तुझीच,
चारू


पनवेल
१ सप्टेंबर १९९१

प्रिय रेवा,

तुझं पत्र मिळालं. तेल कुठे मिळतं ते कळलं. सत्यजीतच्या बढतीचं कळलं, आई पेढे वाटून आली. गौरीला तुला रजा नाही, हेही कळलं. वेलींबद्दल तू "वाईट वाटलं" असं लिहिलंस. एवढंच? आपल्या वेली गेल्या, रेवा. शेजाऱ्याची सायकल नाही. आणि दगडांबद्दल एक अक्षर नाही. माझं पत्र तू घाईत वाचलं असणार, असं मी स्वतःला सांगितलं आहे.

इकडे प्रकरण वाढलं. आमच्या साहेबांनी येऊन खड्डे पाहिले आणि लगेच निदान केलं. "बाहेरचा चोर खड्डे बुजवत बसत नाही. झाकायची गरज आतल्या माणसाला असते." धोंडीला घरी बसवलं आहे. पोलिसात तक्रार द्यायची तयारी चालू आहे. शहरातल्या कुठल्या तरी रोपवाटिकेला त्याने कंद विकले, असं साहेबांनी ठरवूनच टाकलं आहे. त्याच्या वाडीतल्या माणसाला पोलिसांनी एकदा उचललं की पुढे कुणाच्या कोंबडीला ताप आला तरी त्यालाच उचलतात, हे तुला मी सांगायला नको.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

साहेबांसमोर धोंडी म्हणाला, "वयनी आल्या व्हत्या. बाय अलिबागला गेल्या त्या दिशी. बोलल्या, बायनंच धाडलंय. मीच गोनी यष्टीच्या थांब्यावर नेऊन दिली. तुमी वयनींनाच इचारा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, "साहेब, आमच्या घरची सून पुण्याहून पनवेलला येईल आणि सासूला न भेटता, घोटभर चहा न घेता परत जाईल, हे शक्य तरी आहे का?"

साहेबही घरदार असलेले. त्यांना एकदम पटलं. त्यांनी मान डोलावली आणि धोंडीला म्हणाले, "आता घरच्या बायकांवर येतोस का?" धोंडीने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने टोपी घातली आणि निघून गेला.

मी तुझ्यासाठी शब्द दिला आहे. तो मी पुन्हाही देईन, फक्त मला एक ओळ लिही, की तू त्या दिवशी पुण्यात होतीस. बाकी काही नको. उलट टपालाने लिही.

वाट बघते आहे.
चारू


पनवेल
२० सप्टेंबर १९९१

सौ. रेवावहिनी यांस,

तुमची ओळ आली नाही. त्याऐवजी गौरीला तुमचे यजमान आले.

सत्यजीतला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. तो जेवायला बसला आणि हात धुवायच्या आधीच खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढून आईच्या हातात दिलं. "आमच्या हिचं नाव आलंय बघ." पुण्यात परिषद झाली, परदेशातून पाहुणे आले, त्यांना तुम्ही कुंड्या दाखवताहात असा फोटो. आईला चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. "पनवेलजवळच्या दुर्लक्षित सरकारी जमिनीवरून नामशेष होत चाललेली वेल वाचवण्यात यश."

दुर्लक्षित.

कुंड्यांत कामट्या होत्या. फोटो काळापांढरा, तरी टोकं गडद दिसत होती. रंग दिसत नव्हता म्हणून काय झालं? तो आमच्या दाराचा आहे. मी रोज उघडते ते दार.

सत्यजीत म्हणत होता, "रेवा म्हणाली तिथे वणव्यात गेल्या असत्या सगळ्या." मी त्याला भात वाढला. तिथे राखण सुरू झाल्यापासून वणवा आत आलेला नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. आईने गौर माझ्याच हातून आणवली होती. रुसली वगैरे काही नाही. गप्प बसून सगळं बघत होती.

मला हे तुम्ही-आम्ही जमत नाहीये. तू. तू केलंस हे.

आणि मला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं, रेवा. पहिलं पत्र लिहितानाच. कर्नाळ्याला आपण कॉलेजातून गेलो होतो, तू पहिला कंद काढलास, खड्डा बुजवलास, आणि चपटा दगड शोधत हिंडलीस. मी हसले तर म्हणालीस, "नुसतं बुजवून गेलं की दार उघडं टाकून आल्यासारखं वाटतं गं." तेव्हापासून जिथे जिथे तू खणलंस तिथे दगड ठेवलास. दुसरं कुणी ठेवत नाही. मीसुद्धा नाही. म्हणून तर तुलाच विचारत राहिले, दगडांबद्दल कळव, दगडांबद्दल कळव. तू नाही म्हणावंस म्हणून. तू नाही म्हणाली असतीस तर मी डोळे मिटून मानलं असतं.

तुझा तो नीटनेटकेपणा धोंडीच्या गळ्यात आला. खड्डे उघडे टाकून गेली असतीस तर साहेबांनी बाहेरचा चोर शोधला असता.

मागितल्या असत्यास तर मी दिल्या नसत्या का? सगळ्या नाही, पण दिल्या असत्या. चार कुंड्या मी स्वतः पुण्याला आणून दिल्या असत्या. तुला कुंड्या नको होत्या, तुला एकटीचं नाव हवं होतं. ते तू माझ्या पाठीमागे घेतलंस, मी गावात नाही ती वेळ साधून. आणि धोंडीला माझं नाव सांगून. मला सगळ्यात जास्त ते लागलं. माझं नाव सांगितल्यावर तो कुणालाही अडवणार नाही, हे तुला ठाऊक होतं.

एक विचारते, वनस्पतिशास्त्र शिकलेली म्हणून. फुलं आली ना? शेंग धरली का? नाही धरणार. त्या फुलात शिरणारी बारकी माशी इथे गवतात असते. ती तू गोणीत भरून न्यायला विसरलीस.

परवा मी धोंडीच्या वाडीवर गेले. त्याच्या बायकोने, भामाने, पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. धोंडी कूड बांधत होता. मी म्हणाले, माझं चुकलं, वहिनीच आली होती. त्याने हातातलं काम थांबवलं नाही. "बाय, मला ठावं हाय कोन आलं व्हतं. तुमी मला येकदा तरी इचारायचं. तुमी सायबाला सांगितलंत." परत कामावर येशील का, हे मला विचारवलं नाही.

साहेबांकडेही गेले. कात्रण दाखवलं. ते म्हणाले, घरातलं भांडण घरात मिटवा, काळ्यापांढऱ्या फोटोत कामटी ओळखू येते असं मी वर कसं लिहू? तुमच्या वहिनींनी स्वतः येऊन सांगितलं तर तक्रार थांबवतो. नाहीतर पुढच्या आठवड्यात कागद चौकीत जाईल.

म्हणजे ते आता तुझ्या हातात आहे. तू आली नाहीस तर मी चौकीत जाऊन तुझं नाव सांगणार आहे, माझ्या भावाच्या बायकोचं, आणि मग आईला सांगणार आहे. आईला अजून काही माहीत नाही. तिने तुझ्यासाठी गौरीची साडी काढून ठेवली आहे, ती अजून तिच्या कपाटात आहे.

येशील तर कुंड्या घेऊन ये. सगळ्या. पावसाची ओल आहे तोवर त्या परत मातीत गेल्या तर कदाचित जगतील. दगड मी उचललेले नाहीत. ज्याने ठेवले त्याने उचलायचे.

आणि या खेपेला पनवेलला उतरलीस की आमच्याकडे चहाला येऊ नकोस. घरच्या सुनेने आधी घरी यायचं असतं, हे सांगून मी एकदा फसले आहे. सरळ धोंडीच्या दारात जा. भामा बस म्हणाली तर बस, नाहीतर उभ्याने सांग.

तुझ्यासाठी शब्द दिलेली,
चारुता