लाल अडसर

ओलेशोवित्से,
गुरुवार, १४ मार्च २०१९

प्रिय ओता,

नमस्कार. तुमच्याकडे शहरात बर्फ केव्हाच गेला असेल. इथे कुंपणाच्या सावलीत अजून थोडा आहे. ब्लाझेनाने पाठवलेलं मलम गुडघ्यांना लावतो. वास चांगला आहे.

पत्रास कारण, लिफ्ट.

गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे आपल्या जावा मोटरसायकलचं काम जमिनीवर बसून होत नाही. गेल्या महिन्यात साखळी बदलली आणि मग उठताच येईना. शेजारच्या वोयमिरला हाक मारली. तो म्हणाला, "रादेक, आधी तुला उचलायची लिफ्ट बनव. गाडीचं नंतर बघू."

गाडी कंबरेपर्यंत वर घेता आली पाहिजे. दुकानात तयार लिफ्ट मिळते. तिला बाजूला दात्यांची पट्टी असते. वर जाताना ती आपोआप अडकत जाते आणि खाली येताना हाताने सोडवावी लागते. माणसावर काही सोडलेलंच नाही. पण आपण दोघांनी आयुष्यात विकत काय घेतलं? जुनी लिफ्टसुद्धा इस्पितळाने टाकून दिलेल्या पलंगाची होती. म्हणून नवीही घरीच बनवावी म्हटलं आणि कागद घेऊन बसलो. पाट काढला, कात्रीसारखे पाय काढले, जॅक काढला. अडसराची भोकं काढायला पेन्सिल टेकवली. तीन दिवस ती तिथेच आहे.

जॅकवर विश्वास ठेवायचा नाही, हे तूच गावात सगळ्यांना शिकवलंस. पाट वर गेला की पायांतल्या भोकांतून अंगठ्याएवढी जाड सळई, म्हणजे अडसर, आरपार घालायची, मग जॅक दगावला तरी पाट खाली येत नाही. काम झालं की सळई परत खिळ्याला. लाल रंगही तूच दिलास, भिंतीवर लगेच दिसावी म्हणून.

रविवारी ब्लाझेनाचा फोन आला होता. तू अंगणात होतास म्हणाली.

"दादा, वीस तारखेला, बुधवारी, ओताला डॉक्टरकडे नेतेय. स्मरणशक्तीची तपासणी आहे."

"का? काय विसरला?"

"चष्मा. परवा वोयमिरच्या बायकोचं नाव."

"ते मलाही आठवत नाही."

"चेष्टा नको. गॅसचं बटण मी काढून ठेवते. गाडीच्या किल्ल्या पिठाच्या डब्यात लपवल्यात. डॉक्टरांनी कागद पाठवलाय, विसरणं कधीपासून सुरू झालं ते लिहायला. त्याने काय लिहिलं माहितेय? एप्रिल दोन हजार, अडसर."

मी म्हटलं दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. घरात दूध नव्हतं.

ओता, तू विसरला नव्हतास. तू अडसर घातला होतास.

आता सगळं लिहितो. त्या वर्षी जानेवारीत आपण नेहमीसारखं अंगणात डुक्कर कापलं. ब्लाझेनाने रिवाजाप्रमाणे तुझ्या दोन्ही गालांना डुकराचं रक्त फासलं होतं आणि तू तसाच हंडा ढवळत होतास. डुकराचे मागचे पाय फाकवून टांगायचं लाकडी दांडकं तडकलं. सिल्वेस्तर खाटीक ओरडला, "काहीतरी द्या, नाहीतर हा पळून जाईल." मी धावत जाऊन खिळ्यावरचा अडसर आणून दिला. संध्याकाळी सिल्वेस्तर सुऱ्या आणि आकडे गोळा करून गेला, त्यात अडसरही गेला.

मागायला जायचं राहिलं. कुंपणाचा एक पाइप पडला होता. पोकळ, पण भोकात बरोबर बसला. टोकांना पुट्टी भरली, वरून तुझ्याच डब्यातला लाल रंग दिला. भोकात बसलं की झालं, असं माझा बाप म्हणायचा, आणि आम्ही दोघंही तसेच. तुला सांगितलं असतं तर तू मला त्याच पावली सिल्वेस्तरकडे पिटाळलं असतंस. म्हणून सांगितलं नाही.

तीन महिने तो पाइप चालला. एप्रिलमधल्या त्या शुक्रवारी सिल्वेस्तर अडसर घेऊन आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. "तुझ्या डुकराचं हाड राहिलं होतं माझ्याकडे," म्हणाला. मी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. उद्या बदलू म्हटलं.

शनिवारी मी कॉफी करत असताना आवाज आला.

जॅकमधून तेल झिरपलं होतं. सगळा भार पाइपावर आला आणि तो मधोमध तुटला. तुझा उजवा हात पाटाखाली होता. त्याबद्दल मी तुला काय सांगणार.

रुग्णवाहिका गेली. ब्लाझेना तुझ्याबरोबर गेली. मी पाइपाचे दोन्ही तुकडे उचलले, स्वयंपाकघरातून खरा अडसर आणला आणि खिळ्याला टांगला. कोणी सांगितलं नव्हतं. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल.

बारा दिवसांनी तू आलास. हात गळ्यात, दोन बोटं कमी. दारातच म्हणालास, "रादेक, मी घातला होता रे. हाताला थंड लागलेला आठवतोय मला."

मी म्हणालो, "भिंतीकडे बघ."

तू बराच वेळ बघत राहिलास. मग म्हणालास, "म्हणजे हात नाही गेला. डोकं गेलं."

तेव्हा तू सत्तेचाळीसचा होतास. रेल्वेच्या सिग्नल केबिनमधली तुझी जागा वरच्या साहेबांनी राखून ठेवली होती, डाव्या हाताने जमेल म्हणाले. तूच नको म्हणालास. ज्याला एक सळई आठवत नाही त्याने गाड्या सोडायच्या नसतात, असं म्हणालास आणि गोदामात गेलास. निवृत्तीपर्यंत बोल्टची खोकी लावलीस. खानावळीत कोणीतरी रोज विचारायचं, "ओता, टोपी घातलीस की खिळ्यालाच आहे?" सगळे हसायचे. तू हसायचास. मीही हसायचो.

तुम्ही शहरात राहायला गेलात तेव्हा मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

आज तुझी स्मरणशक्ती कशी आहे ते मला माहीत नाही. ते डॉक्टर सांगतील. पण त्या कागदावरची तारीख खोटी आहे, ती खोड. पत्राबरोबर कॉफीचा डबा पाठवतोय. दोन्ही तुकडे त्यात आहेत. टाकून द्यावेत असं एकोणीस वर्षांत अनेकदा वाटलं, पण दिले नाहीत. तुटलेल्या कडेने आत बघ, पोकळ आहे. येत्या बुधवारी डबा बरोबर ने आणि डॉक्टरांना दाखव. त्यांना काही विचारायचं असेल तर मी येऊन त्यांच्यासमोर सांगेन.

पत्र ब्लाझेनाला वाचून दाखव. तुझी बायको व्हायच्या आधी ती माझी बहीण होती. तिने मला पुन्हा दादा म्हणावं, अशी अपेक्षा नाही. किल्ल्या पिठाच्या डब्यात आहेत, ते वर लिहिलंच आहे.

लिफ्ट विकतची घेतोय, दात्यांच्या पट्टीची.

अडसर अजून खिळ्यालाच आहे. मी हात लावलेला नाही. तो तू काढायचास.

तुला भिंतीकडे बघायला लावणारा,
रादेक