यंत्राला खोबरेल लावू नये

मी, ठकूबाई श्रीपत ओव्हाळ, वय अंदाजे सदुसष्ट, धर्म बौद्ध, राहणार शिळफाटा, खोपोली, तालुका खालापूर, हे मृत्युपत्र सांगून लिहून घेत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. सुईत दोरा ओवता येत नाही, पण समोरचा माणूस कसा आहे ते अजून कळतं. माझ्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही. भीती मात्र आहे, आणि ती कशाची हे कलम पाचमध्ये येईल. दस्तलेखक रामभाऊ मोकल म्हणाले, "आजी, भीतीबिती मृत्युपत्रात लिहीत नाहीत." मी म्हटलं, "लिवणार तुमी, मरणार मी. लिवा." म्हणून त्यांनी लिहिलं.

कलम १. शिळफाट्याचं दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर आहे. मोहोपाड्याच्या कॉलनीत साहेबलोकांचा स्वयंपाक करून मी ते उभं केलं. माझ्या मालकांनी, म्हणजे श्रीपतनं, विटा स्वतः वाहिल्या. ते घर माझा मुलगा पोपट आणि सून सुंदरा या दोघांच्या नावे व्हावं. एकट्या पोपटच्या नावे नको. पोरगा चांगला आहे, पण कुणी दोन शब्द गोड बोललं की कुठंही अंगठा उठवेल.

कलम २. पोस्टातलं पुस्तक नात जिजा हिच्या शिक्षणासाठी. दहावी होण्याआधी तिच्या लग्नाचा विषय जो काढील त्याला चहासुद्धा विचारू नये.

कलम ३. तांब्याचा हंडा माझी बहीण सोनुबाई, राहणार पळसदरी, हिला. आमच्या आईचा आहे, तिनं कितीदा मागितलाय. पण १९७६ साली भर पाहुण्यांत ती सुंदराला म्हणाली होती, "हिच्या हाताला वळणच नाय." तेव्हा मी तिला गप्प केलं नाही. हंडा द्यावा, पण आधी तिला बसवून कलम पाच ऐकवावं.

कलम ४. कॉफीचं यंत्र. हे इटलीचं आहे. रसायनीच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला ब्रुनो साहेब आला होता, त्याच्याकडे मी सात वर्षं होते. १९६९ ला परत जाताना त्यानं ते माझ्या हातात ठेवलं. कॉलनीतल्या बाया म्हणाल्या, ही काय करणार त्याचं? काय करणार म्हणजे? सात वर्षं त्याला पुसत कोण होतं?

त्याची निगा अशी. रोज कॉफी झाली की जाळीतला चोथा काढावा आणि नुसतं गरम पाणी एकदा सोडावं. वाफेची नळी ओल्या फडक्यानं लगेच पुसावी, दूध वाळलं की निघता निघत नाही. दर रविवारी यंत्र गार असताना जाळी काढून दातांच्या जुन्या ब्रशनं घासावी. महिन्यातून एकदा टाकीत लिंबूफुलाचं पाणी उकळावं, म्हणजे क्षार सुटतो, मग साध्या पाण्यानं दोनदा धुवावी. दर तीन महिन्यांनी कॉफी दाबायचा दांडा खोलून आतल्या रबराला ग्रीस लावावं, तांदळाच्या दाण्याएवढं. ग्रीस दूध डेअरीच्या यंत्रांचंच हवं, माझा भाचा धर्माजी आणून देतो. खोलायचा पाना शेजारी आबाजी कांबळे यांच्याकडे गेली दोन वर्षं आहे. ते आज साक्षीला येणार आहेत, तेव्हा त्यांना हे कलम नीट ऐकू जाईल अशा आवाजात वाचावं.

आता टाकीवरची शिट्टी. कुकरला असते तशीच, आत स्प्रिंग. टाकीत वाफ जास्त झाली की ती फुसफुसते आणि वाफ बाहेर सोडते. दर रविवारी ती बोटानं दाबून पाहावी, सहज हलली पाहिजे. तिला काहीही लावू नये. काहीही म्हणजे काहीही.

कलम ५. साहेबानं दिलेली ग्रीसची नळी १९७५ च्या शेवटी संपली. दांडा कुरकुरायला लागला. आमच्याकडे बिजागरी कुरकुरली की खोबरेल, शिवणयंत्र जड झालं की खोबरेल, टाळू कोरडी पडली की खोबरेल. मी रबराला तेच लावलं. दांडा असा सुरसुर चालायला लागला की मी स्वतःवरच खूश झाले, आणि बोटाला उरलेलं शिट्टीच्या स्प्रिंगला पुसलं. पुढे पाच महिने तसंच करत राहिले. खोबरेल रोज तापलं की त्याचा डिंक होतो हे मला माहीत नव्हतं. जिजाची शपथ, नव्हतं.

बुद्धपौर्णिमेला घर पाहुण्यांनी भरलेलं. टाकीखालची आच मोठी मीच ठेवली होती. आमच्या घरचा नियम असा की शिट्टी फुसफुसत असेल तर झाकणाला हात लावायचा नाही. त्या दिवशी शिट्टी गप्प होती. मी म्हटलं, "सुंदरा, टाकीत पानी भर गं." तिनं शिट्टीकडे बघितलं. मला ते तिचं बघणं आठवतं. मग तिनं झाकण फिरवलं.

उजवा हात, मान, गाल. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसतं "आत्या" म्हणाली. आणि मी काय केलं? सगळ्यांसमोर म्हटलं, "किती येळा सांगितलं गं तुला, घाई नको करू!"

सगळे तिला घेऊन दवाखान्यात गेले तेव्हा मी मागे थांबले आणि शिट्टी खोलली. स्प्रिंगला पिवळा चिकट डिंक, जागची हलेना. चमच्यानं खरवडली, राखेनं घासली, लख्ख करून परत बसवली. कुणाला बोलले नाही. आज रामभाऊंना पहिल्यांदा बोलते आहे.

सुंदरा झंपर फार सुरेख शिवायची, पार ताकई गावापासून बाया यायच्या. तिची दोन बोटं आखडली ती आखडलीच, शिवणयंत्र विकलं. सात वर्षं झाली. कुणी गालाचं विचारलं तर पदर सारखा करून स्वतःच सांगते, "माझीच घाई."  आणि खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी माझा जीव भांड्यात पडतो, की तिला अजून कळलेलं नाही. अशी मी बाई आहे. हेही लिहा.

गेल्या रविवारी मी आडवी पडले होते. बघते तर जिजा यंत्रापाशी, हातात खोबरेलाची बाटली. म्हणाली, "आजी, लय कुरकुरतंय, तेल लावते." मी उठले कशी आणि बाटली हिसकावली कशी, मला आठवत नाही. सुंदरा धावत आली. "काय झालं आत्या? तेलानं काय व्हतंय?" तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "कॉफीला वास येतो." जिजा हसली. "मग थोडंच लावीन."

तेव्हापासून यंत्र चालू झालं की माझे कान शिट्टीकडे. फुसफुसली की बरं वाटतं. गप्प असली की उठून आच कमी करते. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम ६. इथपर्यंत लिहून रामभाऊंनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "आजी, हे तुम्ही गेल्यावर उघडायचं. तुम्ही अजून दहा वर्षं राहिलात तर? तोवर पोरगी यंत्राला हात लावणार नाही का?"

 एवढी साधी गोष्ट! मेल्यावर खरं बोलायचं ठरवून मी किती निवांत झाले होते.

मी सुंदराला हाक मारली. माझी जीभ वळेना, म्हणून रामभाऊंना कलम पाच वाचायला सांगितलं. ती उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती, पिठाचे हात तसेच. वाचून झालं. आत गेली. पाना नसताना तिनं शिट्टी चिमट्यानं कशी खोलली कुणास ठाऊक. परत आली ती तळहातावर ती घेऊनच.

"कुटं लावलं व्हतं?"

मी बोट ठेवून दाखवलं. तिनं खूप वेळ त्या जागेकडे बघितलं. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाली, "जिजाला तुमीच सांगायचं. कागद वाचून नाय. तोंडानं."

यंत्र कुणाचं ते मी इथं सांगणार होते. सुंदरा म्हणाली, "ते मागनं." जिजा शाळेतून साडेपाचला येते. आत्ता पाच वाजून दहा मिनिटं झालीत. रामभाऊंना मी थांबवून घेतलं आहे. 

कलम ७. जिजाला सांगितलं. तिनं आईचा उजवा हात आपल्या हातात घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. मग खोबरेलाची बाटली फळीवरून उचलून न्हाणीत नेऊन ठेवली.

यंत्र सुंदराचं. ठेवावं, विकावं, नाही तर फोडून टाकावं, तिची मर्जी.

एवढंच. वाचून दाखवलं, माझंच आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सही करते. अक्षर हललं आहे, तरी माझंच समजावं.

ठकूबाई श्रीपत ओव्हाळ

साक्षीदार:
१. आबाजी कांबळे, शेजारी (पाना आज परत केला)
२. पारूबाई नामदेव जाधव, शेजारीण

लिहिणार: रामभाऊ मोकल, दस्तलेखक, खालापूर

स्थळ: शिळफाटा, खोपोली
दिनांक: ११ मार्च १९८३, शुक्रवार, सायंकाळी सव्वासहा

कलम पाच आजीच्या तोंडून ऐकलं.
जिजा पोपट ओव्हाळ, वय तेरा