पाकिटातला चेहरा

४ ऑगस्ट
पाहिला! पाहायचा नव्हता, तरी पाहिला.
परदेशातून परत आलेले जुने फोटो आम्ही संग्रहालयात लावतोय. चटया विणणाऱ्या बायकांचे माझ्याकडे, बायकांना मनाई असलेल्या पुरुषांच्या घरातले सगळे सोबतच्या अम्बोंगकडे. चटयांच्या पाकिटातच तो निघाला — आमच्या मालेकुला बेटाचा, मुखवटा चढवणारा माणूस. चेहरा अर्धा उघडा! बायकांनी हे बघायचं नसतं. पोटुशीने तर नाहीच नाही. मागचं नाव तेवढं वाचलं आणि पाकिटात कोंबला.

५ ऑगस्ट
बाळ हललं नाही.

६ ऑगस्ट
अम्बोंग म्हणतो, "तोंड का उतरलंय? माझ्या फोटोंना हात लावलास वाटतं? तुझ्या भावाची सगळी डुकरं दंडात जातील हं!" मी हसले.
दवाखान्यात नर्स म्हणाली, ठोके आहेत, झोपलं असेल. कालपासून? तिला काय माहीत मी काय बघितलंय! नवऱ्याला सांगायची छाती नाही. मामांना निरोप धाडला.

९ ऑगस्ट
मामा बोटीने आले, माझ्या भावाचा हात धरून — मामांचे दोन्ही डोळे गेलेत आता. सगळं सांगितलं. वाटलं, काठीच घालतील. "रडू नकोस गं पोरी. आधी पोट इकडे कर." पाला चावून पोटावर फुंकला. भाऊ दंडाचं डुक्कर द्यायला तयार झाला, तोंड वाकडं करूनच. मग मामांनी विचारलं, "मागे नाव होतं?"
"होतं. मालटुस."
मामा जेवलेच नाहीत. पानात भाजलेला कंदाचा लापलाप तसाच गार झाला. मी मेले भीतीने! काही सुटत नाही मी यातून.

१० ऑगस्ट
हललं! हललं! केवढी लाथ मारली!

११ ऑगस्ट
भाऊ बाजारात गेला तसं मामांनी जवळ बसवलं. "मालटुस म्हणजे तुझ्या आईचा आणि माझा बाप. मी पोटात असताना गेला. मेलेल्याचं नाव काढायचं नाही, म्हणून आई कधी बोललीच नाही. तो मुखवटा बघायचा मान असलेले पुरुष सगळे संपले. अम्बोंग परक्या बेटाचा, त्यालाही मनाई. बघितलंयस ते तू एकटीने."
मग दाराकडे कान देऊन, अगदी हळू —
"कसा दिसायचा गं?"